दुर्गाआत्याची गाडी बेवारस नाही

परळ,
१२ नोव्हेंबर २०२५

अनुजा बाय,

पाकीट बघून घाबरू नकोस. मी ठणठणीत आहे. फोन का केला नाहीस असं तू विचारणारच, म्हणून आधीच सांगते. बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून लोकांची भांडणं जोडून दिली. आता माझ्या स्वतःच्या भांडणाला मला फोन नको. कागदावर निदान कोणी मध्येच "हॅलो, आवाज येतोय का?" करत नाही.

भांडण गाडीवरून आहे. काल सकाळी दूध घेऊन येते तर चाळीच्या तोंडाशी, आपल्या गाडीजवळ पालिकेचा एक मुलगा उभा. गळ्यात ओळखपत्र, हातात डिंकाची बाटली. मला विचारतो, "आजी, ती पिस्ता रंगाची गाडी हीच का?"

मी म्हटलं, "आजी कोणाला म्हणतोस? आणि गाडी हिरवी आहे."

तोवर त्याने पुढच्या काचेवर कागद डकवलासुद्धा. काय लिहिलंय? 'बेवारस व नादुरुस्त वाहन.' मुदतीत हलवलं नाही तर उचलून यार्डात नेणार, दंड भरून सोडवलं नाही तर लिलावात भंगार. नादुरुस्त आहे, ते मान्य. चारही चाकं बसलीत, बॅटरी मेली आहे, तू लग्न करून बंगळूरला गेलीस त्यानंतर तिला कोणी हात लावलेला नाही. पण बेवारस? मी समोर उभी आहे, हातात दुधाची पिशवी घेऊन!

मुलाचं नाव गौतम. तसा सालस आहे. म्हणाला, "मॅडम, तक्रार आली की आम्हाला यावंच लागतं. मालक कोण?"

"मी. दुर्गा पेडणेकर."

"तुम्ही घेतलेली गाडी?"

"घेतलेली नाही, लागलेली." मग त्याला सगळं सांगितलं. दादरला दिवाळीची एक साडी घेतली काय, दुकानाच्या सोडतीत पहिलं बक्षीस गाडी निघाली काय. अख्ख्या चाळीने तिला हळदकुंकू वाहिलं, आणि मग कोणाच्या तरी लक्षात आलं की आपल्या घरात गाडी येते कोणाला? तू अठराची झालीस नि शिकलीस म्हणून बरं. तू चालवायचीस आणि मी शेजारी पदर सावरून बसायची.

त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आता चालवतं कोण?"

मी म्हटलं, आधी रंग 'हिरवा' लिहून घे.

तो गेल्यावर मी सायकलवाल्याकडून हवा भरून घेतली, चाळीतली माणसं गोळा केली आणि गाडी ढकलत पार वडापाववाल्याच्या पुढे नेऊन उभी केली. गाडी एका जागी पडून आहे असं त्या कागदात लिहिलं होतं. आता नाही ना पडून?

तक्रार कोणी केली ते गौतम सांगेना. माझा पहिला संशय तळमजल्यावरच्या बाबुरावांवर. त्यांना स्कूटरसाठी ती जागा कधीची हवी आहे. आजपासून त्यांची सोलकढी बंद.

अनिशला आशीर्वाद. उत्तर हाताने लिही. मागच्या वेळी टाइप करून पाठवलंस ते मला वीजबिलच वाटलं.

तुझी
दुर्गाआत्या


बंगळूर,
२१ नोव्हेंबर

आत्या,

हाताने लिहितेय. माझं अक्षर बघून अनिश म्हणाला, "डॉक्टरला दाखवून वाचून घेतील का आत्या?" तेव्हा सांभाळून घे.

तुझं पत्र वाचून मी खूप हसले. आणि मग जरा गंभीर झाले. आत्या, खरं सांग, त्या गाडीचा तुला काय उपयोग आहे? चालत नाही, विकली तर कोणी घेणार नाही, पाऊस पडला की तिच्याखाली पाणी तुंबतं. तो मुलगा त्याचं काम करतोय. नेऊ दे ना. नाहीतर मी इथून ऑनलाइन भंगारवाला ठरवते. तो घरी येऊन घेऊन जाईल, तुला फक्त सही करायची.

आणि एक गाडी गेली की बाकीचंही सुटसुटीत होईल. मी गणपतीत बोलले होते ते आठवतंय का? आमच्याकडची मागची खोली तुझ्यासाठी रंगवून घेतली आहे. सकाळचं ऊन येतं. इथे लिफ्ट आहे, खाली बाग आहे, बागेत तुझ्या वयाच्या बायका आहेत, त्यातल्या दोघी तर मराठी. परळची खोली भाड्याने देता येईल. तिसऱ्या मजल्यावर एकटीने राहण्यात काय आहे?

बाबुरावकाकांची सोलकढी लगेच चालू कर. ते असं करणारच नाहीत. बिचारे मला लहानपणी खांद्यावर बसवून फिरवायचे. तक्रार करणाऱ्याच्या मनात वाईटच असेल असंही नाही ना. एखाद्याला तुझी काळजी वाटली असेल.

गाडी ढकलायला तू स्वतः हात लावला नाहीस ना?

तुझी
अनुजा


परळ,
२ डिसेंबर

अनुजा बाय,

हात लावला नाही. स्टिअरिंग धरलं. कोणीतरी धरायला हवं होतं.

गौतम परत आला. गाडी नव्या जागी बघून आधी हसला, मग डोकं खाजवत म्हणाला, "मॅडम, ढकललेली गाडी चालती धरत नाहीत. चालती म्हणजे तिच्या इंजिनावर." वडापाववाला म्हणाला, "साहेब, आमच्या चाळीचं इंजिन काय कमी आहे का?" गौतमने त्याच्याकडून वडापाव खाल्ला, पैसे दिले आणि नवीन कागद डकवला.

वर खोलीत येऊन त्याने चहा घेतला. मी त्याला सरळ विचारलं, "गाडी वाचवायची तर काय करू?" तो म्हणाला, रस्त्यावरून काढा, दुरुस्तीला टाका, विमा आणि धुराचा दाखला नवा करा आणि मग चालवा. सोपं आहे. म्हणजे त्याला सोपं वाटलं.

तर गाडी आता रस्त्यावर नाही. टेम्पोला दोरीने बांधून भोईवाड्याच्या गॅरेजमध्ये नेली. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं आणि आत बघून "अरे देवा" म्हणाला. मी त्याला म्हटलं, देवाचं नंतर बघू, आधी बॅटरी बघ. गाडीचं पुढे काय करायचं ते माझं मी बघते. भंगारवाला ठरवू नकोस.

खोलीचं ऐकलं. रंग कुठला दिलास ते लिहिलं नाहीस.

हल्ली माझी सकाळ फार गडबडीची जाते. थोडा व्यायाम चालू केला आहे. डावा पाय भारी दुखतो, फक्त डावाच. रात्री तेल लावून झोपते. एक विचारायचं होतं. अरुंद गल्लीत समोरासमोर दोघं आली आणि दोघांनाही जायची घाई असली, तर मागे कोणी व्हायचं? सहज विचारतेय.

बाबुरावांचा संशय जात नाही. काल मला बघून म्हणतात, "काय गो दुर्गा, सकाळी सकाळी खंय?" माणसाच्या मनात काही नसेल तर तो असं विचारील कशाला?

तुझी
दुर्गाआत्या


बंगळूर,
१४ डिसेंबर

आत्या,

हे पत्र मी तीनदा फाडून चौथ्यांदा लिहितेय. तू चिडू नकोस आणि लाजूही नकोस.

समोरच्या खोलीतल्या प्रितीचा मला मेसेज आला. चुगली म्हणून नाही, काळजीने. ती म्हणते की रोज सकाळी, अजून नीट उजाडलेलंही नसतं, तेव्हा चाळीच्या कोपऱ्यावर एक पांढरी गाडी येऊन थांबते. आत एक पुरुष असतो. तिला वरून गॅलरीतून फक्त खिडकीबाहेर आलेलं टक्कल दिसतं. तू छान साडी नेसून, वेणी घालून खाली उतरतेस, इकडेतिकडे बघतेस आणि गाडीत बसतेस. तासाभराने परत येतेस तेव्हा तुझा चेहरा लाल झालेला असतो. एकदा तू जिन्यात गाणं गुणगुणत होतीस म्हणे.

आत्या, मी जुन्या विचारांची नाही. तू आयुष्यभर आजीआजोबांचं केलंस, बाबांचं शिक्षण केलंस, मग माझं. लग्नाचा विषय निघाला की "लाइन बिझी आहे" म्हणायचीस. आता तुला कोणाची सोबत आवडली असेल तर मला आनंदच आहे. अनिशने तर "वा, आत्या!" म्हणून टाळी वाजवली. आणि आता मला तुझा तो अरुंद गल्लीचा प्रश्नही कळला. मागे कोणी व्हायचं? कोणीही होऊ नका, आत्या. बोलून मार्ग काढा.

फक्त काही गोष्टी मला कळायला हव्यात. कोण आहेत हे गृहस्थ? काय करतात? घरी कोण कोण आहे? खोली तुझ्या नावावर आहे हे त्यांना माहीत आहे का? कुठे सही मागितली आहे का?

बाबांना अजून काही सांगितलेलं नाही. कणकवलीला बसून ते उगाच बीपी वाढवून घेतील.

लगेच उत्तर दे. या वेळी फोन केलास तरी चालेल.

तुझी
अनुजा


परळ,
२२ डिसेंबर

अनुजा बाय,

तुला कळलंच आहे तर लपवून काय करू?

त्यांचं नाव रघु. पन्नाशीचे असतील. माझ्याहून लहान आहेत, पण कामात वयाचा काही संबंध येत नाही असं ते म्हणतात. स्वभाव शांत आहे. मी चुकले तर ओरडत नाहीत, नुसतं डोळे मिटून "हरी हरी" म्हणतात.

पहिल्या दिवशी मी फार घाबरले होते. ते म्हणाले, "मॅडम, सैल सोडा. एवढं घट्ट धरून काही होत नाही." आता सवय झाली. आम्ही माटुंग्याला बागांच्या बाजूला जातो. तिथे पहाटे गर्दी नसते, झाडं आहेत, कोणी बघत नाही. मग आम्ही जागा बदलतो. ते म्हणतात, पुढे जायच्या आधी मागे कोण आहे ते आरशात बघायचं. मला पटलं. इतकी वर्षं मी पुढे-मागे काहीच न बघता चालले होते.

एकदा हिंदमाताच्या चौकात मी जरा भलतीकडे वाहवत गेले. त्यांनी पटकन माझा हात धरून मला सरळ केलं. त्या दिवशी चेहरा लाल झाला असेल, प्रितीचं बरोबर आहे.

घरी त्यांची बायको आहे. तिला सगळं ठाऊक आहे. तिची काही हरकत नाही. रविवारी तिनेच माझ्यासाठी तिळाची चटणी पाठवली होती. याच्याआधी आपल्या हाताखालून चारशे बायका गेल्या असं रघु अभिमानाने सांगतात. त्यातल्या कितीतरी अजून रस्त्यात भेटल्या की हात दाखवतात.

सही मागितली होती. मी केली. फोटोही दिले.

तू काळजी करू नकोस. नव्या वर्षात सगळं रीतसर होईल, सरकारी शिक्क्यानिशी.

तुझी
दुर्गाआत्या


बंगळूर,
२९ डिसेंबर

आत्या!!

चारशे?

आणि बायको घरात बसून चटणी वाटतेय? आत्या, हे लोक टोळी चालवतात. मी रात्रभर झोपले नाही. अनिशने टाळी वाजवलेली मागे घेतली आहे. सही कशावर केलीस? फोटो कशाला दिलेस? शिक्का म्हणजे नोंदणी का? अगं, त्याचं आधीच एक लग्न झालेलं आहे!

मी बाबांना फोन केला. ते म्हणाले, "दुर्गा तशी नाही. पण चारशे म्हणजे माणूस बरा नाही." ते कणकवलीहून निघायला तयार होते. आई म्हणाली, आधी सही कशावर आहे ते कळू दे.

मी तुला सहा वेळा फोन केला. तू उचलत नाहीस. प्रिती म्हणते, "त्या मजेत आहेत." मजेत!

अगं, मी हे सगळं कशासाठी करत होते? त्या गाडीचा गुंता सुटावा, तू मोकळी व्हावीस आणि इकडे माझ्याजवळ यावंस म्हणून ना? आणि झालं भलतंच. हे पत्र स्पीडपोस्टने पाठवतेय. मिळेपर्यंत कुठेही सही करू नकोस, त्या गाडीत बसू नकोस, आणि ती चटणी खाऊ नकोस.

अनुजा


परळ,
५ जानेवारी २०२६

अनुजा बाय,

चटणी संपली. फार छान होती.

अप्पाला, तुझ्या बाबाला, आजच कणकवलीला फोन करून सांगितलं, तेव्हा त्याची तयारी थांबली आहे. तो पाच मिनिटं हसत होता. आता तूही हस. सोबत एका कागदाची झेरॉक्स जोडली आहे. ते माझं शिकाऊ लायसन्स. फोटो त्यासाठी, सही त्यासाठी. रघु मोटार शिकवतात. बोर्ड त्यांच्या गाडीच्या मागच्या काचेवर आहे, त्यामुळे प्रितीला वरून टक्कलच दिसलं. डावा पाय क्लचने दुखतो. रघुंबद्दलच्या माझ्या पत्रात एक अक्षर खोटं नव्हतं, परत वाचून बघ.

तुला सांगितलं नाही, कारण तू "या वयात कशाला" म्हणाली असतीस. आणि तू म्हणालीस की मला पटकन खरं वाटतं. त्या गौतमने विचारलं ना, चालवतं कोण, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. वर येऊन मी विचार केला. गाडी माझ्या नावावर, आणि तिच्यात मी कायम डाव्या बाजूला बसलेली. हे काही बरोबर नाही.

आता दुसरी गोष्ट. बाबुरावांची सोलकढी एक दिवसही बंद नव्हती. ते फक्त तुला वाचण्यासाठी लिहिलं होतं.

बाय, त्या रंगाला चाळीत सगळे हिरवा म्हणतात. बाबुराव शेवाळी म्हणतात. कुल्फी खाऊन आलेल्या दिवशी ज्या पोरीने त्याला 'पिस्ता' नाव ठेवलं आणि दुसरं काही ऐकून घेतलं नाही, ती एकच. त्या गौतमने पहिल्याच वाक्यात 'पिस्ता रंगाची गाडी' म्हणून मला तुझं नाव सांगितलं होतं, त्याला बिचाऱ्याला ठाऊकही नव्हतं. म्हटलं, बघू किती दिवस कळ काढतेस. तू तर बाबुरावांची वकिली करायला लागलीस!

तुला पुरती दोन महिने फिरवली, तेव्हा त्याचा हिशेब मिटला. पण एक मिटलेलं नाही, ते लिहूनच टाकते. त्या दिवशी गाडी ढकलून झाल्यावर सगळे हसत होते. मीही हसले. मग वर आले, कडी लावली आणि कोणी दार वाजवलं तरी उघडलं नाही. गाडी जाईल याचं काही नव्हतं. तू मला समोर बसून सांगितलं असतंस तर मी भांडले असते. तुला टाकून बोलले असते, जेवलेही नसते कदाचित. पण ते तुझं-माझं भांडण झालं असतं. तू ते एका परक्या मुलाच्या हाती डिंक देऊन करवलंस. आणि काचेवर शब्द कुठला आला तेही बघ.

राग नाही. पण लागलं, ते तुला ठाऊक असावं.

पंधरवड्याने परीक्षा आहे.

तुझी
दुर्गाआत्या


बंगळूर,
१३ जानेवारी

आत्या,

झेरॉक्समधल्या फोटोत तू इतकी खुशीत दिसतेस की मला आधी हसू आलं. मग बाकीचं पत्र वाचलं.

हो, मीच केली तक्रार. गणपतीत आले होते तेव्हा तुझ्या मागून जिना चढत होते. तू दुसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून थांबलीस. मला वाटलं दम लागलाय आणि तुला ते मला दाखवायचं नाही. मी दोन पायऱ्या मागेच थांबले. त्या रात्री मला झोप आली नाही. बाबा कणकवलीला, मी इथे. तुला काही झालं तर दार कोण उघडणार? तुला विचारलं की तू एक्स्चेंजची एखादी गोष्ट सांगून मला हसवतेस आणि विषय तिथेच संपतो. मला वाटलं, निदान ती गाडी गेली तर तिथून सुरुवात तरी होईल. इथे परत आल्यावर बसस्टॉपवर उभ्या उभ्या मोबाइलवर फोटो टाकला नि पाठवून दिलं. 'बेवारस' हा शब्द त्या यादीतच होता. मी तो निवडला. निवडताना तू डोळ्यांपुढे आली नाहीस, हेच वाईट आहे.

चुकले. तुझ्या पाठीमागून असं काही परत करणार नाही. तुला जे सांगायचं ते तुलाच सांगेन, तू जेवली नाहीस तरी.

तर आता तुलाच सांगते. मला भीती वाटते. खोलीचा विषय मी काढणार नाही, पण भीती वाटते. याचं काय करायचं ते तूच सांग.

परीक्षेला सोबत कोण आहे? हाफ क्लच विसरू नकोस.

तुझी
अनुजा

ता. क. खोलीला रंग पिस्ता दिलाय. म्हणून मागच्या वेळी लिहिला नव्हता.


परळ,
३ मार्च २०२६

अनुजा बाय,

उत्तराला उशीर झाला कारण सांगण्यासारखं पूर्ण होऊ दे म्हटलं. आता झालं.

पहिल्या परीक्षेत नापास झाले. चढावर गाडी थांबवून परत सुरू करायची होती, ती मागे मागे गेली आणि शेजारी बसलेल्या आरटीओच्या साहेबांनी खिडकीतून हात बाहेर काढून मागच्यांना थांबवलं. रघु लांब उभे राहून हरी हरी करत होते. मी घरी येऊन दोन वेळा जेवले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे परत माटुंग्याला गेले. दुसऱ्या खेपेला पास. लायसन्स पोस्टाने घरी आलं. पोस्टमनने पेढा मागून घेतला.

गाडी गॅरेजमधून आली तेव्हा धुऊन-पुसून नवरीसारखी. आणि हो, रंग पिस्ताच आहे. एवढी वर्षं धुळीने दिसत नव्हता. गौतमला मुद्दाम बोलावलं. त्याच्यासमोर किल्ली फिरवली, इंजिन लागलं, मी गल्लीच्या टोकापर्यंत गेले आणि वळून परत आले. त्याने शिट्टी वाजवली, काचेवरचा उरलेला कागद स्वतः ओल्या फडक्याने खरडून काढला. बाबुरावांनी विचारलं, "तुका गाडी येता?" त्यांना मागे बसवून थेट गिरगावात चौपाटीपर्यंत नेऊन आणलं. ते पूर्ण वेळ वरचा दांडा धरून होते. मागे एक बस सारखी हॉर्न देत होती. शेजारी बसलेले रघु म्हणाले, देऊ दे, तुम्ही तुमच्या वेगाने चला. मी चालले.

दोन आठवडे चालवली. मग गॅरेजवाल्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, मी तिला उभी केली आहे, पण खालचा पत्रा सडलाय. पावसाळ्यानंतर तुम्हाला हिच्यात बसू देणार नाही." येत्या दिवाळीत पंधरा वर्षं होतील, मग फेरनोंदणीचं आणखी एक. मी एक रात्र विचार केला. ठरवलं, द्यायची. पण कोणी उचलून नेणार नाही. मी चालवत नेणार.

सरकारमान्य भंगार केंद्र आहे ते खाडीपलीकडे, पार तिकडच्या टोकाला. शिवडीवरून समुद्रावरचा नवा पूल धरला. शेजारी रघु होते. पहाटे निघालो. पूल चढला तसा दोन्ही बाजूंना चिखल आणि त्यात हजारो गुलाबी पक्षी. रघु म्हणाले, "मॅडम, बघू नका, समोर बघा." मी म्हटलं, "तुम्ही बघा नि मला सांगा." त्यांनी सांगितलं. मग सगळीकडे नुसतं पाणी, सरळ रस्ता, आणि मी. आयुष्यात पहिल्यांदा चौथा गिअर टाकला. बाय, मी ओरडले. खरंच ओरडले, काच खाली करून. रघुंनी डोळे मिटून घेतले, पण हरी हरी म्हणाले नाहीत.

केंद्रातल्या माणसाने कागद बघितले, गाडी बघितली, विचारलं, "क्रेन कुठाय?"

"क्रेन नाही. चालवत आणली."

"कोणी?" म्हणून तो रघुंकडे बघायला लागला. रघुंनी नुसतं माझ्याकडे बोट केलं.

सही केली, किल्ली दिली. डोळ्यांत पाणी येईल असं वाटलं होतं, नाही आलं. भूक मात्र सपाटून लागली होती. रघुंना तिथेच पलीकडे बहिणीकडे जायचं होतं, म्हणून बाहेर टपरीवर दोघांनी मिसळ खाल्ली आणि तिथून आमच्या वाटा वेगळ्या झाल्या.

आता तुझ्या भीतीचं. दुसऱ्या मजल्यावर मी थांबते, कारण तिथल्या घराचं दार उघडं असतं आणि आतली मालिका दिसते. थोडी दमतेही, ते खरं. लायसन्ससाठी डॉक्टरांनी तपासलं, रक्तदाबाची एक गोळी दिली आहे. ती मी घेते, हे तुला आता माझ्याकडूनच कळतंय. खोलीची एक किल्ली प्रितीकडे दिली. रात्री झोपण्यापूर्वी तुला फोन करीन, तीन मिनिटं, ट्रंक कॉलसारखा. तीन मिनिटं झाली की लाइन कट. मे महिन्यात तुझ्याकडे येते, महिनाभर राहीन. जायचं-यायचं दोन्ही तिकीट काढलं आहे. परळची खोली परळलाच राहील, मीही तिथेच. पुढचं पुढे, आणि ते तू-मी समोरासमोर बसून भांडू.

परत येताना बसने आले. ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर जागा मिळाली. पुलावरून उतरताना त्याने वळण जरा जोरात घेतलं, आणि बाय, माझा उजवा पाय आपोआप खाली दाबला गेला. ब्रेकवर.

तुझी
दुर्गाआत्या